राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचं काम नेमकं काय मोजता? कुलगुरूंना आणि उच्च शिक्षण विभागाला खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागातले मा. अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज घेत बसावं लागणार नाही. आमच्या विषयातला माणूस वर्गाबाहेर लोकांसाठी जे काम करतो, म्हणजे मराठीत लिहिणं, निवडणुकांचे सर्व्हे, शाळेची पुस्तकं, शिबिरं, गावोगावची व्याख्यानं, हे सगळं नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी गंभीरपणे मोजा. आत्ता ते मोजलं जात नाही. हळूहळू असं काम करणारी माणसंच संपत चाललीयत आणि नवीन तयार होत नाहीयत.

हे मी हवेत बोलत नाही, आपल्याच राज्यातलं एक करिअर समोर ठेवून बोलतोय. प्रा. सुहास पळशीकर. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. त्यांचं नाव घेतोय म्हणून त्यांची सगळी मतं मला पटतात असं समजू नका, ते इथे महत्त्वाचंही नाही. त्यांच्या कामात विद्वत्ता कुठे संपते आणि सार्वजनिक काम कुठे सुरू होतं ती रेषाच काढता येत नाही, म्हणून ते उदाहरण घेतलं.

आणि ते काही एकटे आकाशातून पडलेले नाहीत. त्याच पुण्यात राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. म. शिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांना भेटून, प्रश्न विचारून अभ्यास केला होता. तेव्हा आपल्याकडे राज्यशास्त्र म्हणजे राज्यघटना, प्लेटो, अॅरिस्टॉटल आणि ब्रिटनची पार्लमेंट असं समीकरण होतं. मतदार कसा विचार करतो हे मतदारालाच विचारायचं, ही गोष्ट त्या काळात नवी होती. त्याच वर्षी १ मे ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि या नव्या रचनेतून ग्रामीण भागात जे पुढारी वर आले त्यांचाही शिरसीकरांनी पुढे अभ्यास केला. म्हणजे राज्यात जे घडतंय ते घडत असतानाच समजून घ्यायचं ही सवय त्या पिढीनं विभागाला लावली असं मला वाटतं.

नंतर राजेंद्र व्होरा. व्होरा सरांचं मुळशी सत्याग्रहावरचं काम ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. १९२० च्या दशकात टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यात धरण होणार म्हणून मावळातले शेतकरी उभे राहिले, सेनापती बापट त्यात उतरले, 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. आज आपण विस्थापन, पुनर्वसन, भूसंपादन यावर तासन् तास बोलतो पण त्याची एवढी जुनी आणि एवढी आपल्या घरातली गोष्ट शेतकऱ्याच्या, सावकाराच्या, कंपनीच्या आणि काँग्रेसच्या अशा सगळ्या बाजू तपासून एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकानं लिहिली. आणि आधी मराठीत लिहिली. इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं, तेव्हा व्होरा सर हयात नव्हते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे गुणांचा विषय येणार आहे तेव्हा लागेल.

व्होरा आणि पळशीकर या दोघांनी मिळून राज्यशास्त्राचा मराठी कोश केला. आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तो काय होता हे इंग्रजीतून शिकलेल्यांना कळणं अवघड आहे. बी.ए. ला वर्गात सार्वभौमत्व, अधिसत्ता, अधिमान्यता असे शब्द धडाधड अंगावर यायचे, गाइडमध्ये त्याच्या दोन ओळी पाठ करायला दिलेल्या असायच्या, त्या पाठ करून पास होता यायचं पण कळायचं काही नाही. कोशात तीच गोष्ट नीट उलगडून, मराठी वाक्यात, डोकं वापरणाऱ्या माणसाशी बोलतोय असं धरून सांगितलेली होती. कोश करणं हे किती किचकट आणि किती बिननावाचं काम असतं! त्यासाठी दोघांनी किती वेळ दिला असेल, आणि त्या वेळात इंग्रजीत किती पेपर झाले असते, याचा हिशोब त्यांनी मांडलेला मला कुठे दिसला नाही.

मग आलं १९९५. शिवसेनेला ७३, भाजपला ६५, काँग्रेस ८० वर आली आणि ४५ अपक्ष निवडून आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. राज्य झाल्यापासून काँग्रेसची जी पकड होती (मधली पवारांच्या पुलोद आघाडी सरकारची दोन वर्षं सोडली तर) ती सुटली. ही हिंदुत्वाची लाट, हा शरद पवारांवरचा राग, ही बंडखोरी, असं प्रत्येकजण आपापलं एक कारण धरून बसला होता. व्होरा-पळशीकरांनी त्या सत्तांतराचा अभ्यास करून लगेच १९९६ मध्ये मराठीत पुस्तक दिलं. मतदारसंघनिहाय, विभागनिहाय, कोणाची मतं कुठून कुठे सरकली असं बघत बघत. सामान्य वाचक, कार्यकर्ता, पत्रकार, सगळ्यांना घेता येईल असं. सत्तांतराच्या पुढच्याच वर्षी, मराठीत, आकडे घेऊन. आज २०१९ पासून महाराष्ट्रात जे काही झालं, पहाटेचा शपथविधी, मविआ, पक्ष फुटणं, चिन्हं जाणं, सुप्रीम कोर्ट, या सगळ्यावर तसं काम मराठीत किती विभागांनी केलं ते तुम्हीच तुमच्या तुमच्या विद्यापीठात विचारून बघा.

सर्व्हेबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण बाहेरच्यांना हे काम म्हणजे टीव्हीवरचे आकडे वाटतात. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा कार्यक्रम आहे, पळशीकर त्याचे सहसंचालक राहिले. १९९६ पासून लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीचा राष्ट्रीय अभ्यास तिथून होतो, राज्यांच्या निवडणुकांचाही होतो. मतदान केंद्रं आधी निवडली जातात, मग त्या केंद्राच्या यादीतून रँडम पद्धतीनं नावं काढली जातात, आणि फिल्डवर जातात ती बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी. यादीत जे नाव आलं त्याच माणसाला भेटायचं, तो नसेल तर शेजारच्याला विचारून फॉर्म भरायचा नाही. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही, चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका द्यायची, त्यानं स्वतः खूण करून डब्यात टाकायची.

विद्यार्थी असताना अशा सर्व्हेच्या फिल्डवर मीही गेलोय. यादीत बाईचं नाव असायचं आणि दारात आलेला नवरा म्हणायचा, मलाच विचारा, तिला काय कळतंय. आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलेलं होतं की नाव तिचं आहे तर उत्तर तिचंच पाहिजे, मग आम्ही तिथेच ओट्यावर बसायचो, चहा व्हायचा, थोड्या वेळानं ती बाई यायची आणि एकदा बोलायला लागली की रेशनपासून बचत गटापर्यंत असं काही बोलायची की फॉर्ममधले रकाने कमी पडायचे. राजकीय सहभाग हा चॅप्टर मी पुस्तकात आधी वाचला होता पण शिकलो त्या ओट्यावर. अशी हजारो मुलं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत देशभर तयार झाली, त्यातली काही आज प्राध्यापक आहेत, काही पत्रकार आहेत, काही सरकारी नोकरीत आहेत, काही सरपंचही असतील. हे शिकवणं नाही का? आणि हे संशोधन नाही का? मग कुठल्या रकान्यात टाकता हे?

आता पाठ्यपुस्तकं. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, प्रा. यशपाल त्या समितीचे अध्यक्ष होते, कृष्ण कुमार एनसीईआरटीचे, म्हणजे केंद्राची शालेय पुस्तकं करणाऱ्या संस्थेचे, संचालक. नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांसाठी दोन मुख्य सल्लागार नेमले, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर. (देखरेख समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक आपले गो. पु. देशपांडे होते, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं.) २००६ आणि २००७ मध्ये ही पुस्तकं आली. त्याआधीचं नागरिकशास्त्र आठवा: राष्ट्रपती होण्यासाठी पात्रता लिहा, राज्यसभेची रचना सांगा, राज्यपालांचे अधिकार कोणते ते मुद्देसूद लिहा. नव्या पुस्तकांत व्यंगचित्रं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, उन्नी आणि मुन्नी नावाची दोन पात्रं होती जी मधेच येऊन असे प्रश्न विचारायची जे वर्गातलं एखादं धीट पोर विचारतं. पुस्तकच मुलाला विचारत होतं की तुला काय वाटतं.

बारावीच्या पुस्तकात जनआंदोलनांवर एक धडा होता. चिपको, दलित पँथर, भारतीय किसान युनियन, आंध्रातल्या बायकांचं दारूविरोधी आंदोलन, नर्मदा, माहितीचा अधिकार. नामदेव ढसाळांची कविता त्यात इंग्रजी भाषांतरात छापलेली होती. विचार करा, दिल्लीतल्या, पाटण्यातल्या, गुवाहाटीतल्या सीबीएसईच्या मुलानं १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या एका संघटनेबद्दल आणि कामाठीपुऱ्याच्या बाजूनं आलेल्या एका मराठी कवीबद्दल सरकारी पाठ्यपुस्तकात वाचलं. महाराष्ट्राची याहून मोठी सेवा काय असते मला माहीत नाही.

आणि त्याचं फळ काय मिळालं? मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. बाबासाहेब गोगलगायीवर बसलेत, मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, असं ते चित्र. पुस्तक २००६ पासून वर्गात चालू होतं. चित्राखाली प्रश्न होता की घटना समितीला एवढा वेळ का लागला असेल, आणि धड्यातून उत्तर मिळत होतं की इतक्या मोठ्या देशाची घटना चर्चा करून, मतभेद ऐकून करायची तर जवळपास तीन वर्षं लागतातच. पण चित्र वेगळं काढून पाहिलं की वेगळं दिसतं हेही खरं. ज्यांना दुखलं त्यांचं दुःख मी खोटं म्हणणार नाही, चाबूक या गोष्टीला आपल्या समाजात जो इतिहास आहे तो आंबेडकरी माणूस विसरू शकत नाही आणि त्यानं का विसरावा. वाद घालायला हवा होता, पुस्तक बदलायची मागणी करायलाही हरकत नव्हती. पण यादव आणि पळशीकरांनी त्याच दिवशी सल्लागारपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसात घुसून काही लोकांनी मोडतोड केली. गांधी आणि आंबेडकर यांना एकमेकांसमोर नुसतं उभं न करता त्यांच्यात संवाद कुठे होऊ शकतो हे १९९६ मध्येच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिणारा हा माणूस. पुढे केंद्रानं सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं अनेक व्यंगचित्रं काढायची शिफारस केली, आणि त्याच समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं. ते वेगळं मत मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाद असाच चालायला हवा, कागदावर आणि कारणं देऊन.

दहा वर्षांनी उलट बाजूनं झालं. कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून २०२२ मध्ये पुस्तकांतून भाग वगळले गेले. जनआंदोलनांचा तो अख्खा धडा गेला, म्हणजे पँथर गेली, ढसाळ गेले, नर्मदा गेली. गुजरातच्या २००२ च्या दंगलींचा भाग गेला. गांधीहत्येनंतर रा. स्व. संघावर बंदी आली होती हा उल्लेख गेला. अकरावीच्या पुस्तकातले शांतता आणि विकास हे धडे गेले. जून २०२३ मध्ये यादव आणि पळशीकरांनी एनसीईआरटीच्या संचालकांना पत्र लिहून सांगितलं की पुस्तकं आता ओळखू येणार नाहीत इतकी बदललीयत, आम्हाला न विचारता बदललीयत, तर आमची नावं काढा. त्यांच्यामागोमाग पुस्तक समित्यांवर काम केलेल्या आणखी ३३ अभ्यासकांनी तीच मागणी केली. उत्तर आलं की पुस्तकांचा कॉपीराइट संस्थेचा आहे. २०२४ मध्ये बारावीची सुधारित आवृत्ती आली, त्यात अयोध्येचा चार पानांचा भाग दोन पानांवर आला, बाबरी मशिदीचं नाव जाऊन तीन घुमटांची वास्तू असा उल्लेख आला, आणि सल्लागार म्हणून नावं तशीच. दोघांनी पुन्हा पत्र लिहिलं.

लोकांना वाटतं की प्राध्यापकाला पुस्तकावर नाव हवं असतं. इथे दोन प्राध्यापक माझं नाव काढा म्हणून भांडतायत. हे संशोधकाचं प्रामाणिकपण आहे, जे मी लिहिलं नाही त्याला माझी सही नको, आणि तेच नागरिकाचं कर्तव्यही आहे. दोन्ही एकाच पत्रात. पहिल्या वेळी राजकीय वर्तुळातून आलेला दबाव काँग्रेसच्या सरकारच्या काळातला होता, दुसऱ्या वेळी भाजपच्या. त्यामुळे ही एका पक्षाबद्दलची तक्रार आहे असं कृपा करून वाचू नका.

आता तुमच्या गुणांच्या टेबलाकडे येतो. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१० मध्ये एपीआय, म्हणजे शिक्षकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आणली, २०१८ मध्ये नियम बदलले पण रिसर्च स्कोअरचं टेबल राहिलंच. ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्समधल्या एका रिसर्च पेपरला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशक असला तर १२. भाषांतरित पुस्तकाला ८. म्हणजे व्होरा सरांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं तपासून, मुळशीची गावं डोक्यात ठेवून लिहिलेलं पुस्तक एका पेपरच्या बरोबरीचं झालं. आणि तेही इंग्रजी पुस्तक. पुण्यातल्या मराठी प्रकाशकाकडून आलेलं मूळ मराठी पुस्तक राष्ट्रीय धरायचं की नाही हे त्या दिवशी समितीत कोण बसलंय त्यावर ठरणार. वर्तमानपत्रातल्या लेखमालेला गुण नाहीत. साधना साप्ताहिकात लिहिलं तर ते रिसर्च धरत नाहीत. गावातल्या शिबिराला गुण नाहीत, फार तर विस्तारकार्य म्हणून कॅम्पसच्या उपक्रमांच्या यादीत एखादी ओळ. कोशातल्या नोंदीला तुम्ही काय द्याल मला माहीत नाही.

याचा परिणाम आम्ही रोज डोळ्यांनी बघतो. पैसे भरले की पेपर छापून देणारी जर्नल्स एवढी बोकाळली की यूजीसीला केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, आणावी लागली, आणि २०२५ मध्ये यूजीसीनंच ती बंद केली. या सगळ्या काळात माझ्या पिढीतली हुशार मुलं काय शिकली? मराठीत लिहू नकोस, त्यात वेळ घालवू नकोस. सर्व्हेला जाऊ नकोस, त्यापेक्षा एका सेमिनारचं सर्टिफिकेट आण. निवडणुकीवर लेख लिहू नकोस, कुणीतरी दुखावेल आणि मुलाखतीत आडवं येईल. ही मुलं आळशी नाहीत हो, नोकरी पाहिजे म्हणून जे मोजलं जातं तेच करतात.

मी काही काळापूर्वी आमच्या भागातल्या स्थानिक निवडणुका का रखडल्या होत्या यावर एका दैनिकात लेख लिहिला. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ च्या सुमारास संपल्या आणि मग ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टातल्या तारखा यात कित्येक वर्षं ठिकठिकाणी प्रशासकच कारभार बघत राहिले. त्यात कुणावर टीकाही नव्हती, शहरांच्या स्थानिक संस्थांबद्दलची ७४ वी घटनादुरुस्ती काय म्हणते आणि कोर्टात काय चाललंय एवढंच सोप्या भाषेत सांगितलं होतं. त्या वेळी ज्या कॉलेजात होतो तिथे केबिनमध्ये बोलावून समज देण्यात आली की कॉलेजचं नाव खाली लावून असं लिहीत जाऊ नका, संस्थेच्या लोकांना विचारणा होते. पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत. दोन्हीचा संबंध होता की नाही मी सिद्ध करू शकत नाही, आणि माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर लिहिलंही नसतं. पण अकरा महिन्यांच्या, नऊ महिन्यांच्या, तासावारी नेमणुकीवर असलेल्या माणसानं सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडावं कसं, हे तुम्हीच सांगा. मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. पर्मनंट माणूस नसेल तर तो बोलणार नाही, बोलणार नाही तर लोकांपर्यंत विषय पोहोचणार नाही.

आणि लोकांना हवंय हो! हे मी छातीठोक सांगतो. पक्ष फुटले तेव्हा आमच्या इथे चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, दहावं शेड्यूल (घटनेतली पक्षांतरबंदी) आणि व्हिप (आमदारांना पक्षादेश देणारा प्रतोद) यावर चर्चा चालायच्या. व्हिप पक्षाचा की विधिमंडळ पक्षाचा, असा प्रश्न मला एका डेअरीच्या चेअरमननं विचारला, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर जे सांगितलं, की व्हिप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, ते मी त्यांना समजावलं तेव्हा भोवती वीसेक माणसं गोळा होऊन ऐकत होती. एमपीएससी करणारी आमची पोरं पॉलिटीची कलमं झोपेत म्हणून दाखवतात, पण गावची ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली तर पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शाळेत राज्यशास्त्र इतिहासाच्या पुस्तकात मागे जोडलेलं असतं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं म्हणून. मग लोक राजकारण कुठून शिकतात? व्हॉट्सअॅपवरून आणि रात्री नऊच्या टीव्ही डिबेटमधून. तिथे जी पोकळी आहे ती भरायला शिकलेली, अभ्यास केलेली, मराठीत नीट बोलता येणारी माणसं लागतात आणि ती तयार करणं हे विद्यापीठाचं काम आहे.

य. दि. फडके आठवतात ना? मूळ राज्यशास्त्राचे अभ्यासक. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास त्यांनी खंडामागून खंड लिहिला, महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचं संपादन केलं, २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुणी सार्वजनिक ठिकाणी इतिहास चुकीचा सांगितला की फडके पुरावे घेऊन उभे. प्रा. राम बापटांनी पुस्तकं फार लिहिली नाहीत, पण दलित चळवळीतले, स्त्री चळवळीतले, नाटकातले कितीतरी कार्यकर्ते त्यांची व्याख्यानं ऐकून घडले. बापट सरांचा आज तुमच्या टेबलात किती स्कोअर झाला असता? यशवंत सुमंत सर गांधी आणि फुले शिकवायचे ते वर्गात जेवढे, तेवढेच शिबिरांत. नागपूरला भा. ल. भोळे होते. ही सगळी माणसं एका राज्यात, जवळपास एकाच काळात होती. तेव्हाच्या विद्यापीठांनी त्यांना जागा दिली आणि मोकळीक दिली, म्हणून हे शक्य झालं.

तर ठोस काय करता येईल ते सांगतो. यूजीसीचे नियम केंद्राचे आहेत हे मलाही कळतं, पण निवड समितीत आणि कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, समितीत बसणारी माणसं तुम्ही नेमता. त्यांना लेखी सूचना द्या की उमेदवाराचं मराठीतलं पुस्तक, कोशकार्य, पाठ्यपुस्तक, सर्व्हे, दीर्घ लेखन हे वाचून बघायचं, त्याच्यावर प्रश्न विचारायचे. नुसता प्रकाशकाचा पत्ता बघून बाजूला ठेवायचं नाही. मराठीत लिहिलेल्या पीएच.डी. ला बाहेरचे परीक्षक मिळत नाहीत म्हणून मुलांना इंग्रजीत ढकलू नका, परीक्षक आहेत, शोधा. प्रत्येक विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागानं आपल्या भागातल्या निवडणुकांचा डेटा, जिल्हा परिषद ते लोकसभा, सांभाळावा आणि सगळ्यांना बघायला खुला करावा. आज एखाद्या तालुक्याच्या पंचायत समितीचे १९९७ चे आकडे शोधायचे तर कुठल्यातरी जुन्या कार्यकर्त्याच्या घरातली ट्रंक उघडावी लागते. एवढं काम तर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधूनही होईल, त्यासाठी नवीन इमारत लागत नाही.

रिकामी पदं भरा, हे तर आहेच, ते सगळे सांगतात, मी वेगळं काय सांगू.

आणि एक गोष्ट जी लिहायला मला जरा जड जातेय. शिक्षकानं अभ्यासातून काही मांडलं आणि त्यावरून बाहेर दंगा झाला, तर कुलगुरूंनी पहिल्या दिवशी स्वतः त्याच्या शेजारी उभं राहावं. मत पटो न पटो. सुहास पळशीकरांच्या मागे देशभरातले अभ्यासक होते, त्यांचं नाव मोठं होतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या, कालपरवा लागलेल्या एखाद्या मॅडमच्या मागे कुणी नसतं. एक व्हिडिओ व्हायरल होतो, दोन तासात मोर्चा येतो आणि संध्याकाळपर्यंत तिच्या हातात माफीनामा किंवा निलंबनाचं पत्र असतं. अशा वेळी काय करायचं याची लेखी पद्धत विद्यापीठानं ठरवून ठेवावी: आधी तिचं म्हणणं ऐकायचं, मग विषयातल्या जाणकारांकडून ते तपासायचं, आणि तोवर तिच्यावर कारवाई नाही. व्यवस्थापन परिषदेत ठराव करून ही पद्धत सगळ्या संलग्न कॉलेजांना लागू करता येईल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत एका तरी विद्यापीठानं हे करावं अशी विनंती आहे, एकानं केलं की बाकीच्यांकडे मागायला आम्हाला आधार मिळेल.

उत्तराची वाट बघतोय. उत्तर जाहीर दिलंत तर जास्त बरं, कारण हे पत्र माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या वतीनं आहे आणि त्यातल्या बहुतेकांना सही करता येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
राज्यशास्त्राचा एक तासिका तत्त्वावरचा शिक्षक